गिअर नसलेली सायकल आणि साधेपणाचा प्रश्न

मराठीत ‘साधा’ हे विशेषण फार ममतेने वापरले जाते. साधा माणूस, साधी राहणी, साधी भाषा, साधी कविता. या सगळ्यांत साधेपणा हा गुण असल्याचे आपण गृहीत धरलेले असते. ‘साधी सायकल’ म्हणताना मात्र कोणाच्या मनात कौतुक नसते. तेथे ‘साधी’ म्हणजे स्वस्त, जुन्या घडणीची, गिअर नसलेली. गेल्या काही वर्षांत याच ‘गिअर नसण्या’ला एक दुसरे नाव मिळाले आहे : सिंगलस्पीड. डोंगरवाटांवर सायकल चालवणारे काही हौशी लोक चांगल्या सायकलीवरचे गिअर मुद्दाम उतरवतात, किंवा मुळातच गिअर नसलेली सायकल बरेच पैसे मोजून घेतात. यंत्र म्हणून दोन्हींची गोष्ट एकच आहे. पुढे एक चकती, मागे एक फ्रीव्हील, मध्ये चेन. परंतु एकीचा मालक तिच्यावरून कधी एकदा मोटारसायकलवर जातो याची वाट पाहत असतो, आणि दुसरीचा मालक तिचे छायाचित्र मित्रांना दाखवतो. या दोन नावांमधील अंतर साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी विचारात घेण्याजोगे आहे, असे आम्हांला वाटते. कारण नेमके असेच अंतर आपल्या समीक्षेत ‘साध्या’ लेखनाविषयी बोलताना पडते, आणि बहुधा ते आपल्या लक्षातही येत नाही.

प्रथम थोडा इतिहास. आज आपण जिला माउंटन बाइक म्हणतो ती जन्माला आली तेव्हा तिला गिअर नव्हतेच. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीतले काही तरुण 1930-40 च्या काळातल्या जाड टायरच्या जुनाट सायकली मिळवत, त्या डोंगरावर नेत आणि कच्च्या वाटेने खाली सोडत. 1976 मध्ये तेथे ‘रीपॅक’ नावाची उतारावरची शर्यत सुरू झाली. उलटे पायडल मारून लागणाऱ्या ब्रेकमुळे मागचा हब इतका तापे की त्यातले ग्रीस जळून जाई, आणि खाली आल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. त्या ‘पुन्हा भरण्या’वरून शर्यतीला ते नाव पडले. गिअर आले ते नंतर, आणि डोंगर ढकलत न चढता सायकलवर बसून चढता यावा या गरजेतून आले. पुढे 1990 च्या दशकात अशा सायकलींवर एकवीस, चोवीस गिअर सर्रास दिसू लागले, तेव्हा काही जणांनी ते काढून टाकायला सुरुवात केली. त्यांच्या जागतिक स्पर्धाही भरू लागल्या. त्यांतील विजेत्याने स्पर्धेची खूण अंगावर गोंदवून घ्यायची, असा रिवाज आहे. म्हणजे गरज, सोय आणि सोयीचा त्याग अशा तीन पायऱ्या येथे दिसतात. यांतील तिसरी पायरी दुसरीवाचून संभवत नाही, हे लक्षात ठेवावे.

छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात, म्हणजे 2023 पर्यंत ज्याचे अधिकृत नाव औरंगाबाद होते त्या शहराभोवती, अशी सायकल चालवण्याजोग्या वाटा पुष्कळ आहेत. विद्यापीठामागच्या टेकड्या, लेण्यांकडे जाणारी चढण, गोगाबाबा टेकडी, सारोळ्याचे डोंगर. थोडे लांब जायचे तर छावणी, पडेगाव, मिटमिटा आणि शरणापूर मागे टाकून दौलताबाद, किल्ल्याच्या पुढचा घाट, वर हातकागदाचे कागजीपुरा, मग खुलताबाद, आणि तेथून वेरूळकडचा उतार किंवा म्हैसमाळकडचा चढ. आम्ही काही जण या वाटांवर गिअर नसलेल्या सायकली चालवतो. तेव्हा पुढचे विवेचन ऐकीव नाही, एवढे नमूद करून पुढे जातो.

अशा सायकलीवर साधारणपणे पुढे 32 दात्यांची चकती आणि मागे 16 दात्यांचे फ्रीव्हील असते. पायडलचा एक फेरा झाला की चाकाचे दोन फेरे होतात, आणि 26 इंची चाक असेल तर सायकल सुमारे 4 मीटर पुढे जाते. मिनिटाला 90 फेरे मारले तर ताशी 22 किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो. त्याहून जलद जायचे तर पाय नुसते भिरभिरतात. उलट घाटात फेरे 40 वर आले की वेग ताशी 10 वर येतो, आणि त्याखाली गेल्यावर पायडल दाबण्यासाठी अंगाचा सगळा भार घालावा लागतो. या मंडळींत गमतीने म्हटले जाते की आमच्या सायकलीलाही तीन गिअर आहेत : बसून, उभे राहून आणि उतरून. गिअरची सायकल रस्ता बदलला की स्वतःला बदलून घेते. स्वाराचे पाय पूर्वीच्याच लयीत फिरत राहतात. बिनगिअरच्या सायकलीवर ही बदलाची जबाबदारी स्वाराच्या अंगावर येते. चढ सुरू झाल्यावर विचार करून भागत नाही. चढाच्या आधीचा उतार, त्यातले वळण, वळणावरची खडी हे सारे आधीच पाहून ठेवावे लागते, कारण खाली मिळवलेला वेग वर घेऊन जायचा असतो. कोठे ब्रेक लावला तर तो पुढच्या शंभर पावलांत महाग पडेल, याचा हिशेब सतत चालू असतो. एकच वाट दहा वेळा गेल्यावर ती पाठ होते, आणि पाठ झाल्यावर कळू लागते. वाचनाशी परिचय असलेल्या कोणालाही ही प्रक्रिया ओळखीची वाटेल.

दुसरा लाभ अधिक रोकडा आहे. मागच्या चाकाशी लोंबणारी गिअरची नाजूक यंत्रणा दगडाला लागून वाकते, धुळीने कुरकुरते. ती नसली की बिघडण्याजोगे फारसे काही उरत नाही. चेन तुटली तरी कोठल्याही खेड्यातल्या सायकल दुकानात ती जोडून मिळते. अर्थात यालाही मर्यादा आहे. मराठवाड्याची काळी माती पहिल्या पावसानंतर चाकाला अशी धरते की गिअर असोत वा नसोत, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. बाभळीच्या काट्यालाही हा भेद समजत नाही.

येथपर्यंत जे सांगितले ते रूपबंधाचे समर्थन आहे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण येतात. शेवटचा चरण तोकडा पडणार हे कवीला ओळ सुरू करण्याआधीच ठाऊक असते, आणि म्हणून त्याला पहिल्या चरणापासूनच त्या तोकड्या चरणाची तयारी ठेवावी लागते. मुक्तछंदात ओळ आशयाप्रमाणे लांबते, आखडते. ती चढ पाहून गिअर बदलते, असे म्हणावयास हरकत नाही. यात श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याचे कारण नाही. परंतु बा. सी. मर्ढेकरांचे उदाहरण येथे बोलके आहे. 1930 च्या दशकात अनिलांनी मुक्तछंद मराठीत रुजवायला सुरुवात केली होती. मर्ढेकरांना तो मार्ग मोकळा होता. तरीही 1947 च्या ‘काही कविता’मध्ये महानगरातल्या यंत्रयुगीन अनुभवासाठी ते अनेकदा अभंग-ओवीच्या घाटाकडे वळले. जुना संतकवितेचा साचा आणि त्यात न मावणारा नवा अनुभव यांच्या घर्षणातून त्या कवितेचा स्वर तयार झाला. फ्रान्समध्ये 1969 साली झॉर्झ पेरेकने ‘ई’ हे अक्षर टाळून अख्खी कादंबरी लिहिली. तीही याच जातीची निवड. हाती असलेले साधन बाजूला ठेवले की उरलेल्या साधनांकडून अधिक काम काढून घ्यावे लागते. सिंगलस्पीडचे समर्थन करायचे तर ते असेच करावे, आणि तेवढ्यावर थांबावे.

अडचण अशी की कोणी तेवढ्यावर थांबत नाही. थोड्याच वेळात संभाषण नीतीकडे वळते. गिअर म्हणजे चैन, गिअर नसणे म्हणजे तप. पूर्वीचे लोक कसे काटक होते, दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन लटकवून कसा सहज चढ चढायचा, आजची पिढी कशी सोयीला चटावली आहे, वगैरे. येथे आमचा विरोध सुरू होतो.

दूधवाल्याच्या सायकलीचा हिशेब आपण कधी केला आहे काय? त्या काळ्या, उंच, दांडीच्या सायकलीला 28 इंची चाके असतात. पुढे साधारणपणे 44 किंवा 48 दात्यांची चकती आणि मागे 18 च्या आसपास दात्यांचे फ्रीव्हील. पायडलच्या एका फेऱ्यात ती साडेपाच ते सहा मीटर जाते. सपाट रस्त्यासाठी ते ठीक आहे, परंतु चढावर त्याचा अर्थ असा की हौशी सिंगलस्पीडवाल्यापेक्षा तिच्या स्वाराला प्रत्येक पायडलवर सव्वापट ते दीडपट जोर लावावा लागतो. त्यात सायकलचेच वजन सुमारे 20 किलो, आणि कॅरिअरवरचा बोजा वेगळा. म्हणजे ज्याला ‘सहज’ म्हटले जाते ते सहज नव्हते. तो माणूस बहुतेक वेळा चढावर उतरून सायकल ढकलत असे, आणि आपण त्याला पाहिले ते उतारावर. चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत कामावर जाणारा कंत्राटी मजूर, सायकल स्टँडवर उभी करून पायडल मारत सुऱ्यांना धार लावणारा, भंगाराची पोती लादून जाणारा, या सर्वांच्या सायकलीला गिअर नव्हते आणि नाहीत. त्यांनी ते काढून टाकलेले नाहीत. या दोन वाक्यांतील फरक जो समीक्षक विसरतो त्याने साधेपणावर लिहू नये.

साहित्यातले याचे सर्वांत मोठे उदाहरण जात्यावरच्या ओवीचे आहे. जात्यालाही गिअर नसतात. दगडाची गती आणि हाताची गती एक, आणि त्या गतीतून ओवीची लय आली. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना आपण थक्क होतो, आणि व्हावेच. पण गावात पिठाची गिरणी आली तेव्हा ज्या बायका पहाटे दोन तास आधी उठत होत्या त्यांनी गिरणीचे स्वागत केले. ओवी मागे पडली. ओवीचे मोल कितीही मोठे असो, तिच्यासाठी पुन्हा जात्यावर बसा, असे त्यांना सांगण्याचा अधिकार कोणाही अभ्यासकाला नाही. कष्टातून रूप जन्मते हे खरे, परंतु त्या रूपाच्या सौंदर्याने ते कष्ट समर्थनीय ठरत नाहीत.

आमच्या शहरातल्या वाचकांना हे नव्याने सांगावे लागू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. त्या नागसेनवनाच्या परिसरातून 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ उभे राहिले. दलित साहित्याने मराठी वाचकाला जे अनेक धडे दिले त्यांतील एक असा की दारिद्र्याचे लोभस चित्रण करणारा बहुधा त्या दारिद्र्याबाहेर उभा असतो. झोपडीतला कंदील, चुलीवरची भाकर, अनवाणी पाय यांची कविता ज्याच्या घरी विजेचा दिवा, गॅस आणि चपला आहेत त्याला लवकर सुचते. हा धडा आपण कवितेच्या तासाला शिकवतो. सायकलीविषयी, कपड्यांविषयी, खाण्यापिण्याविषयी बोलताना तो विसरतो.

गिअरविरुद्धचा नैतिक युक्तिवाद नवा नाही, आणि त्याची मूळ जागा पाहिली तर तो कोणाच्या बाजूचा आहे तेही कळते. फ्रान्समध्ये सँत-एतिएन येथील पॉल द विवी हे गृहस्थ विसाव्या शतकाच्या आरंभी बदलत्या गिअरचा आग्रह धरत होते. सामान्य माणसाला डोंगर पाहता यावा, एवढेच त्यांचे म्हणणे. 1902 मध्ये घेतलेल्या एका चाचणीत मार्त हेस या महिलेने तीन गिअरच्या सायकलीवर एका नामांकित स्पर्धकाच्या बिनगिअरच्या सायकलीला मागे टाकले. तरीही पुढच्याच वर्षी ‘टूर द फ्रान्स’ सुरू करणारे संपादक आंरी देग्रांज यांचे मत बदलले नाही. गिअर हे वय झालेल्यांसाठी आहेत, मर्दाने स्नायूंच्या बळावर जिंकावे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या शर्यतीत स्पर्धक डोंगराच्या पायथ्याशी उतरून मागचे चाक काढून उलटे बसवत, कारण चाकाच्या दुसऱ्या बाजूला चढासाठी मोठे दाते असत. साखळी एका दात्यांवरून दुसऱ्यांवर सरकवणाऱ्या यंत्रणेला त्या शर्यतीची दारे सर्वांसाठी उघडायला 1937 साल उजाडावे लागले. दरम्यान ज्यांच्याजवळ मजबूत मांड्या होत्या त्यांचे शरीर हाच सद्गुणाचा मापदंड राहिला. वृद्ध, स्त्रिया, गुडघे दुखणारे, ओझे वाहणारे हे सगळे त्या सद्गुणाच्या बाहेर.

याच्या नेमक्या उलट चित्रही आहे, आणि ते साध्या सायकलीचेच आहे. 2006 पासून बिहारमध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी सरकारने पैसे देण्यास सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण त्यामुळे 32 टक्क्यांनी वाढले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून गरजू विद्यार्थिनींना सायकली दिल्या जातात. या सायकलींना गिअर नसतात. त्या मुलींच्या दृष्टीने ही सायकल म्हणजे काही सोडून देणे नव्हे. ती त्यांच्या हाती प्रथमच आलेली गती आहे, घर आणि शाळा यांमधील अंतर कमी करणारा पहिला गिअर आहे, असेच म्हणा ना. तिला ‘साधी’ म्हणून हिणवणारा आणि तिला ‘तपस्वी’ म्हणून गौरवणारा, दोघेही त्या मुलीकडे पाहत नाहीत.

मग आम्ही सिंगलस्पीड का चालवतो, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. दौलताबादच्या घाटात एका गतीने चढताना वाट जशी अंगात उतरते तशी अन्य कशाने उतरत नाही, म्हणून चालवतो. यात आनंद आहे, आणि कौशल्यही आहे. पुण्य नाही. आमच्यापैकी ज्यांचे गुडघे दुखू लागले त्यांनी पुन्हा गिअरची सायकल घेतली, आणि त्यांच्याविषयी कोणाचे मत खाली आले नाही. निवडलेली मर्यादा ही अशी असते की ती सोडता येते. सोडता न येणारी मर्यादा ही निवड नव्हे. ती परिस्थिती होय, आणि परिस्थितीबद्दल माणसाचे कौतुक करण्यापेक्षा ती बदलण्याला मदत करणे अधिक सभ्यपणाचे. घाटातल्या रस्त्याला सायकलीपुरती मोकळी कड असावी, वाळूजच्या वाटेवर अंधारात जाणाऱ्या मजुराला मागून येणाऱ्या ट्रकची भीती वाटू नये, या मागण्या हौशी स्वारांनी केल्या तर त्यांच्या हौसेला काही सामाजिक अर्थ येईल. सोनीपतमध्ये 1951 साली सुरू झालेल्या अ‍ॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना जून 2020 मध्ये, तोही जागतिक सायकल दिनीच, बंद पडला. तेव्हा अनेकांनी आठवणी लिहिल्या, त्यांत हाफ पायडल होते, वडिलांच्या पुढची दांडी होती, डबलसीट होते. कारखान्यातल्या कामगारांचे पुढे काय झाले, याविषयी त्या मानाने फार थोड्यांनी लिहिले. आठवणीही उतारावरूनच पाहतात.

या सगळ्यातून अध्यापक आणि विद्यार्थी मित्रांसाठी एक व्यवहार्य सूचना निघते. यापुढे एखाद्या लेखकाच्या शैलीला ‘साधी’ म्हणण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : या लेखकाच्या हाती दुसरे काय होते? दुसरे पुष्कळ असताना त्याने हे निवडले असेल, तर त्या निवडीने त्याच्या लेखनात कोणता ताण, कोणती सावधता आली ते दाखवावे. मर्ढेकरांच्या अभंगाविषयी असे लिहिता येते. दुसरे काही नव्हतेच, असे असेल, तर ‘साधेपणा’ हा शब्द मागे घ्यावा आणि त्या लेखनात जे प्रत्यक्ष घडले आहे त्याचे नाव शोधावे. ओवीच्या बाबतीत ते कारागिरी असेल, सोबत असेल, तक्रार असेल, कधी निव्वळ झोप आवरण्याचा उपाय असेल. पण ‘साधेपणा’ नक्कीच नसेल. जात्याशी बसलेली बाई आपली ओवी साधी व्हावी म्हणून खटपट करत नव्हती. तिला दळण संपवायचे होते, आणि मनातले बोलायचे होते.

आमच्या सायकलींविषयीही कोणी बोललेच तर ‘गिअर नाहीत’ एवढेच म्हणावे. वस्तुस्थिती म्हणून ते पुरेसे आहे.